खेळाचें यजमानपद

दिवेलागणीच्या सुमारास परळ-भोईवाड्याकडील एखाद्या जुन्या चाळीच्या गॅलरींत क्षणभर उभें राहिलें, तर मुलांचा जो गलबला तेथें पूर्वीं कानीं पडे तो आतां बेताचाच ऐकूं येतो. मुलें कोठें गेलेलीं नाहींत. तीं घरांतच आहेत. प्रत्येकाच्या हातांत एक लहानसा उजळ पडदा आहे, आणि मूल कोपऱ्यांत एकटेंच बसलें आहे असें पाहणाऱ्यास वाटतें. वस्तुतः तें एकटें नसतें. त्या पडद्याच्या पलीकडे दहावीस जण त्याच्याशीं खेळत असतात. हे दहावीस जण कोण, कोणत्या गांवचे, किती वयाचे, हें त्या मुलास ठाऊक नसतें. आणि घरांतील वडील माणसांस पुष्कळदां खेळाचें नांवहि सांगतां येत नाहीं.

या स्थितीविषयीं घरोघर वाद होतात, आणि तो वाद "मोबाइल द्यावा कीं न द्यावा" येथेंच बहुधा थांबतो. याहून उपयोगाचा एक प्रश्न आहे. तो मात्र फारसा कोणी विचारीत नाहीं. खेळ मांडला आहे कोणाच्या घरीं?

सोंगट्यांचा पट ज्याच्या घरीं पसरला जाई तो त्या डावाचा यजमान होई. चाळींत कॅरमचा बोर्ड ज्याच्या दारांत मांडला जाई त्याच्या आईचा शब्द त्या सायंकाळपुरता कायदा असे. खेळावयास कोणास बसवावयाचें, डाव कोणत्या नियमांनीं चालवावयाचा, आणि तो केव्हां आवरावयाचा, या तिन्ही गोष्टी यजमानाकडे असत. त्या ओघानेंच चालत, म्हणून त्यांना अधिकार असें कोणी म्हणत नसे. आज ते तीन अधिकार घराच्या हातून निसटले आहेत, आणि ते कोठें गेले हें समजण्यासाठीं या नव्या खेळांची आंतली रचना थोडी पाहिली पाहिजे.

पांच मुलें पांच मोबाइल घेऊन एकच खेळ खेळत असलीं, म्हणजे पांच पडद्यांवर पांच चित्रें दिसत असतात. परंतु सोंगटी खरोखर कोणत्या घरांत आहे, दान काय पडलें, पाळी कोणाची, याची खरी वही एकाच ठिकाणीं असावी लागते. तसें नसेल तर प्रत्येकाचें यंत्र आपलाच हिशेब खरा मानील, आणि एका खेळाचे पांच खेळ होतील. ही वही ज्या यंत्रांत राहते त्याला सर्व्हर म्हणतात; मराठींत त्याला यजमान संगणक म्हटलें तर तें अगदीं शोभून दिसेल. मुलानें चाल केली कीं त्याचें यंत्र ती चाल यजमानास कळवतें. यजमान ती नियमांशीं ताडून पाहतो, वहींत मांडतो आणि नवी स्थिति सर्वांस कळवतो. हें सारें सेकंदाच्या लहानशा अंशांत उरकतें, म्हणून मुलांना त्याची जाणीवहि होत नाहीं.

नवी मुंबईंतील एका कंपनीनें २०१६ सालीं काढलेला 'लुडो किंग' हा पचिसीच्या कुळांतला खेळ २०२० च्या टाळेबंदींत घरोघर पोंचला. दादरचे आजोबा आणि पुण्याची नात एका डावांत बसूं लागलीं, ही गोष्ट त्या कठीण दिवसांत लहान नव्हती. पण त्या डावाचा पट ना दादरला होता ना पुण्याला. तो दूरच्या एका यजमान संगणकांत पसरलेला होता. पट जेथें, यजमानपद तेथें.

दूरचा यजमान वाईटच असतो असें नाहीं. मात्र त्याचे हेतु घरच्या यजमानाचे नसतात. खेळ चालविण्याचा खर्च त्याला कोठून तरी भरून काढावयाचा असतो. म्हणून मध्यें जाहिराती येतात, खोटीं नाणीं खऱ्या पैशांनीं विकत घेण्याचीं आमिषें येतात, आणि "आतां पुरे" असें म्हणण्यांत त्याचा कांहींच लाभ नसतो. 'फोर्टनाइट' हा खेळ चालविणाऱ्या एपिक गेम्स या कंपनीनें डिसेंबर २०२२ मध्यें अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशीं तडजोड केली. मुलांच्या खासगी माहितीविषयींच्या कायद्याचा भंग केल्याबद्दल २७ कोटि ५० लक्ष डॉलरांचा दंड, आणि फसव्या मांडणीनें झालेल्या खरेदीबद्दल ग्राहकांस परत देण्यासाठीं २४ कोटि ५० लक्ष डॉलर, असें त्या तडजोडीचें स्वरूप होतें. कमिशनच्या आक्षेपांतील एक मुद्दा पालकांनीं विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे. अनोळखी माणसांशीं तोंडी व लेखी बोलण्याची सोय लहान मुलांच्या बाबतींतहि आरंभापासूनच चालू ठेवलेली होती. म्हणजे दार मुळांतच उघडें होतें, आणि तें लावून घेण्याचें काम मुलावर सोपविलेलें होतें.

भारतांत २०२३ सालीं झालेल्या डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानें अठरा वर्षांखालील प्रत्येकास मूल मानलें आहे. पालकांची पडताळलेली संमति असल्याशिवाय मुलाची माहिती हाताळूं नये, त्याच्या वर्तनावर पाळत ठेवूं नये, त्याला हेरून जाहिराती दाखवूं नयेत, असें तो सांगतो. कायदा हवाच. पण गॅलरींतून येणाऱ्या आईच्या हांकेचें काम कायद्याच्यानें होत नाहीं.

दुसरा मार्ग असा कीं खेळाची वहीच घरीं आणून ठेवावी. हें ऐकून पुष्कळांना मोठ्या, घरघर करणाऱ्या, वीज खाणाऱ्या यंत्राची आठवण होईल. तशी गरज मुळींच नाहीं, आणि याचा एक जुना पडताळा महाराष्ट्रांतच मिळालेला आहे.

रायगड जिल्ह्यांत कर्जतजवळ खैराट नांवाचें लहानसें गांव आहे. तेथील एकशिक्षकी प्राथमिक शाळेंत २००७ सालीं सुमारें वीस मुलांच्या हातीं हिरव्या-पांढऱ्या रंगाचीं लहान संगणकयंत्रें देण्यांत आलीं. अमेरिकेंतील निकोलस निग्रोपॉन्टी यांनीं उभारलेल्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या उपक्रमाचा भारतांतील तो आरंभींचा प्रयोग होता. 'एक्सओ' या नांवाच्या त्या यंत्राची स्मृति आजच्या साध्या मोबाइलच्या मानानें अगदीं अल्प, म्हणजे २५६ मेगाबाइट होती. नेहमींच्या वापरांत तें दोनएक वॅट वीज घेई, कारण जेथें विजेचा भरंवसा नाहीं अशाच ठिकाणांसाठीं तें घडविलेलें होतें. त्याची खरी नवलाई मात्र दुसरीच होती. हीं यंत्रें इंटरनेटवांचून एकमेकांशीं बिनतारी बोलत, आणि एकाचा निरोप दुसऱ्याच्या हातून तिसऱ्याला पोंचवीत. पडद्यावर 'शेजार' दाखविणारें एक पान असे. आसपास कोणकोण मुलें आपापलीं यंत्रें उघडून बसलीं आहेत तें त्यावर रंगीत खुणांनीं दिसे. एखाद्या मुलानें चित्र काढावयास घेतलें, किंवा जोड्या जुळविण्याचा खेळ मांडला, तर तें शेजाऱ्यांस त्यांत बोलावूं शके. जें मूल खेळ मांडी तेंच त्याचें यजमान.

तो उपक्रम पुढें जगांत अपेक्षेइतका फोफावला नाहीं, आणि एका खोलींत पुष्कळ यंत्रें एकदम बोलूं लागलीं कीं त्या बिनतारी जाळ्याचा घोटाळा उडे, असाहि अनुभव आला. परंतु दोन वॅटांच्या यंत्रावर, इंटरनेट नसतांना, ओळखीच्या मुलांचा खेळ मांडतां येतो, एवढी गोष्ट त्यानें पुरती सिद्ध केली.

यापुढचें पाऊल इंग्लंडांत पडलें. केंब्रिज येथें एबेन अप्टन आणि त्यांचे सहकारी यांस असें दिसून आलें कीं विद्यापीठांत संगणकशास्त्र शिकावयास येणारीं मुलें संख्येनें रोडावत आहेत, आणि येतात त्यांनींहि संगणक आंतून उघडून पाहिलेला नसतो. यावर उपाय म्हणून त्यांनीं 'रास्पबेरी पाय' नांवाचा एक उघडा, स्वस्त संगणक सिद्ध केला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजीं तो विक्रीस आला तेव्हां त्याची किंमत ३५ डॉलर होती. लांबी ८५ आणि रुंदी ५६ मिलिमीटर; म्हणजे पोस्टकार्डाच्या निम्म्याहूनहि लहान. त्याला स्वतःचा पडदा नाहीं, कळफलक नाहीं, फिरती तबकडी नाहीं. नखाएवढ्या मेमरी कार्डावर त्याचें सारें सामान मावतें. २०१९ मध्यें त्याची चौथी आवृत्ति व २०२३ मध्यें पांचवी आली, आणि चौथी आवृत्ति घरांतील खेळांच्या यजमानपदाला सहज पुरते.

एवढासा संगणक कसा पुरतो, ही शंका साहजिक आहे. खेळांतलें जड काम चित्रें रंगविण्याचें असतें. डोंगर, पाणी, सावल्या, धांवत्या गाड्या हें सारें प्रत्येक मुलाचें स्वतःचें यंत्र आपल्या पडद्यावर काढीत असतें. यजमानाला चित्रें काढावयाचीं नसतात. त्यानें फक्त वही ठेवावयाची असते. शाळेच्या नाटकांत रंगीत कपडे घालून वावरणारे नट निराळे, आणि पडद्याआड संहितेची प्रत घेऊन बसलेला मुलगा निराळा. त्याला कपड्यांचा खर्च लागत नाहीं, पण तो नसेल तर नाटक कोलमडतें.

विजेचा हिशेब तर कोणत्याहि गृहिणीस पटेल असा आहे. चौथ्या आवृत्तीचा रास्पबेरी पाय कामांत असतांना साधारण पांच वॅट घेतो असें धरलें, तर अहोरात्र चालू ठेवूनहि महिन्यास ३.६ युनिट होतात. रोज सायंकाळीं दोनच तास चालविला तर महिन्याभरांत युनिटाचा तिसरा हिस्साहि भरत नाहीं. उलट ७५ वॅटांचा छताचा पंखा रोज आठ तास फिरला तर महिन्यास १८ युनिट लागतात. भोईवाड्याला वीज पुरविणाऱ्या बेस्टच्या बिलांत या पाहुण्याची नोंद शोधूनहि सांपडणार नाहीं.

आतां खेळ कोणते, तें पाहूं जातां पहिलें नांव 'लुआन्टी' याचें घ्यावें लागेल. फिनलंडमधील पेर्टू अहोला यांनीं २०१० सालीं 'माइनटेस्ट' या नांवानें त्याचा आरंभ केला. ऑक्टोबर २०२४ मध्यें त्याचें नांव बदलून लुआन्टी झालें. तो मोफत आहे, त्याची घडण सर्वांस पाहण्यास खुली आहे, आणि त्यांत जाहिराती नाहींत. त्यांतलें जग चौकोनी ठोकळ्यांचें असतें. मुलें माती खणतात, लांकूड तोडतात, घरें, पूल, किल्ले बांधतात. दिवाळींत चाळीच्या आवारांत मुलें मातीचे किल्ले करतात त्यांतलाच हा प्रकार. फरक एवढाच कीं या जगाची एक बाजू सुमारें ६२ हजार ठोकळ्यांची असते, आणि काल अर्धवट राहिलेला बुरूज आज तेथेंच सांपडतो. दुसरा खेळ 'सुपरटक्सकार्ट' हा गाड्यांच्या शर्यतीचा. एप्रिल २०१९ मध्यें आलेल्या त्याच्या १.० या आवृत्तीपासून तो निरनिराळ्या यंत्रांवरून एकत्र खेळतां येतो, आणि त्याचेंहि यजमानपद घरीं घेतां येतें. तोहि मोफतच आहे. पुष्कळ मुलें 'माइनक्राफ्ट' मागतात. त्याचाहि यजमान घरीं होऊं शकतो, परंतु त्यांत प्रत्येक मुलाचें विकत घेतलेलें खातें लागतें आणि यजमानाला स्मृति अधिक लागते. म्हणून आरंभ लुआन्टीनें करणें शहाणपणाचें.

मांडणी अवघड नाहीं. घरांत वायफायचा राउटर असतोच. त्याच्या शेजारीं हा संगणक ठेवावा आणि दोहोंमध्यें तार जोडावी. तारेविषयीं येथें मुद्दाम सांगण्याचें कारण आहे. जुन्या चाळींत एकेका इमारतींत ऐंशीऐंशी खोल्या असतात, आणि आज बहुतेक खोल्यांत एकेक राउटर चालू असतो. जुन्या पद्धतीच्या २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला एकमेकांत न मिसळणारे असे तीनच पट्टे मिळतात. साऱ्या चाळीचें बोलणें त्या तीन पट्ट्यांत चालतें, आणि खैराटच्या यंत्रांसारखाच गोंधळ होतो. यजमान तारेनें जोडला म्हणजे निदान त्याचा आवाज तरी स्पष्ट राहतो. मुलांच्या मोबाइलवर, टॅबवर किंवा घरच्या जुन्या संगणकावर तोच खेळ घालावा; शक्यतों यजमानाची आणि खेळगड्यांची आवृत्ति एकच असावी. मग यजमानाचा घरगुती पत्ता, जो बहुधा १९२.१६८ अशा आंकड्यांनीं सुरू होतो, त्यांत लिहिला कीं दार उघडतें. हा पत्ता घरापुरताच असतो. बाहेरच्या जगास तो दिसत नाहीं. इंटरनेट बंद पडलें तरी राउटर चालू आहे तोंवर खेळ चालतो, हा त्याचा आणखी एक लाभ.

यजमानपद घरीं आलें कीं ते जुने तीन अधिकारहि घरीं येतात. पहिला, कोणास बसवावयाचें हा. लुआन्टीचा यजमान आपण होऊन जगाच्या यादींत नांव नोंदवीत नाहीं. तशी आज्ञा दिली तरच नोंदवितो. प्रत्येक मुलास नांव व पासवर्ड देतां येतो, रिकामा पासवर्ड नाकारतां येतो, एका वेळीं किती जणांनीं यावें तें ठरवितां येतें. दुसरा, नियमांचा. परस्परांस इजा करण्याची सोय बंद करतां येते. बांधकामाचाच खेळ ठेवून मरण्याची भीति काढून टाकतां येते. लुआन्टींत प्रत्येक खेळगड्याचे अधिकार वेगवेगळे लिहिलेले असतात, आणि लेखी बोलणें हाहि त्यांतला एक अधिकार आहे. तो काढून घेतला तर मुलांना तोंडानेंच बोलावें लागतें. ज्या घरांत मुलें एका सतरंजीवर बसून खेळतात तेथें हेंच इष्ट.

तिसरा अधिकार आवरण्याचा, आणि तो सर्वांत मोलाचा. यजमान संगणकाला घड्याळ लावून देतां येतें : सहाला उघड, पांच मिनिटें आधीं सूचना दे, आठाला मीट. मग "अजून पांच मिनिटें" ही विनवणी आईपाशीं करून उपयोग नसतो. दुकान सर्वांचेंच एकदम बंद होतें, आणि कोणाचें कांहीं बुडत नाहीं, कारण जग जसेंच्या तसें जपून ठेवलेलें असतें. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचा सल्ला असा आहे कीं दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूंच नये, दोन ते पांच वर्षांच्या मुलांना देखरेखीखालीं एक तासाहून अधिक नको, आणि पांच ते दहा वर्षांच्या मुलांना दिवसाकांठीं दोन तासांच्या आंतच असावा. हा सल्ला दूरच्या यजमानास पाळावयास लावणें कठीण. घरच्या यजमानाकडून तो एका ओळींत पाळवून घेतां येतो.

येथें एका गैरसमजापासून सावध राहिलें पाहिजे. यंत्र लावून दिलें म्हणजे पालकाचें काम संपलें, असें मुळींच नाहीं. तें येथून सुरू होतें. तीन मुलें एका जगांत बांधकाम करूं लागलीं कीं चौथ्या दिवशीं भांडण ठरलेलेंच. "माझा पूल कोणी तरी मोडला." पूर्वीं अशा वेळीं साक्षीदार शोधावे लागत. लुआन्टींत कोणीं कोणता ठोकळा केव्हां काढला याची नोंद ठेवण्याची सोय आहे. ती मात्र आधींच चालू करून ठेवावी लागते. त्या नोंदीवरून दोषी कोण तें कळतें, आणि मोडलेला पूल पूर्ववत् करतांहि येतो. पण न्याय करणारें माणूस हवें. पूल परत उभा केल्यानें मोडणाऱ्याचा राग जात नाहीं, आणि तो राग कशाचा होता हें कोणत्याहि वहींत लिहिलेलें नसतें. तें बापास, आजीस किंवा मोठ्या बहिणीस मुलाजवळ बसूनच काढून घ्यावें लागतें. म्हणून घरांतील एका तरी मोठ्या माणसानें या जगांत आपलें एक झोंपडें बांधून ठेवावें, आणि आठवड्यांतून एकदां तरी तेथें जाऊन यावें.

व्यवहारांतल्या कांहीं अडचणीहि लक्षांत ठेवाव्या. मेमरी कार्ड ही या संगणकाची दुबळी जागा आहे. लिहिणें चालू असतां एकाएकीं वीज गेली, किंवा कोणीं बटण खटकन् बंद केलें, तर कार्डावरील मजकूर बिघडतो, आणि महिन्याची मेहनत घालून बांधलेला किल्ला नाहींसा होतो. मूल त्याबद्दल रडलें तर त्याला हंसूं नये. तें त्याचें खरेंच नुकसान असतें. यासाठीं संगणक रीतसर बंद करावयाची संवय मुलांनाच लावावी, आणि दर रविवारीं जगाची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी. मुंबईच्या उकाड्यांत बंद कपाटांत हा संगणक ठेवूं नये. आंतील उष्णता ८० अंशांवर गेली कीं तो आपला वेग आपणच कमी करतो. विजेचा पुरवठा कसल्याहि जुन्या चार्जरनें करूं नये. चौथ्या आवृत्तीस पांच व्होल्ट आणि तीन अँपिअर लागतात, आणि कमी पडल्यास तो मध्येंच अडखळतो. जुनें, तयार कार्ड कोणाकडून आणलें असेल तर पासवर्ड आधीं बदलावा, कारण २०२२ पूर्वींच्या रास्पबेरी पाय प्रणालींत सर्व जगास ठाऊक असलेलें एकच नांव आणि एकच पासवर्ड येत असे.

सर्वांत मोठी चूक होते ती उत्साहाच्या भरांत. नाशिकच्या मावसभावाला खेळांत घ्यावयाचें म्हणून राउटरमध्यें बाहेरच्या जगासाठीं वाट उघडून देण्यांत येते. त्या वाटेनें मावसभाऊ येतो, आणि जो कोणी दार ठोठावीत फिरत असेल तोहि येतो. अशा वेळीं दोन घरांपुरती खासगी जोडणी, जिला व्हीपीएन म्हणतात, ती करून घ्यावी. आणि तें जमत नसेल तर मावसभावाची सुट्टीपर्यंत वाट पाहावी. वाट पाहिल्यानें कोणत्याहि खेळाची गोडी कमी झालेली नाहीं.

या साऱ्या खटाटोपाला आज विशेष निकड कां आहे, याचें उत्तर भोईवाड्याच्या आसपासच दिसतें. जवळच नायगांवच्या बी. डी. डी. चाळी आहेत. वरळी आणि डिलाइल रोडच्या चाळींप्रमाणें त्याहि १९२० नंतरच्या दशकांत उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. त्यांत सहासात माणसें. मुलांना खोलींत जागाच नव्हती, म्हणून गॅलरी हेंच त्यांचें अंगण झालें, आणि प्रत्येक दारांतून कोणाची ना कोणाची नजर त्यांच्यावर राहिली. आतां या चाळींच्या जागीं उंच इमारती होत आहेत. वरळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांस ऑगस्ट २०२५ मध्यें नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घर ५०० चौरस फुटांचें, स्वतंत्र स्नानगृहाचें. शंभर वर्षें अडचणींत काढलेल्या माणसांचा तो हक्कच आहे, आणि त्यांत कोणीं उणें काढूं नये. पण नव्या घराचें दार लागतें तेव्हां तें पूर्ण लागतें. गॅलरी गेली कीं शेजारचें मूल आपोआप येत नाहीं. त्याला बोलवावें लागतें. बोलावण्यास निमित्त लागतें. निमित्त नसेल तर मूल आपल्या खोलींत पडदा उघडतें आणि अनोळखी दहावीस जणांत जाऊन बसतें.

घरचा यजमान संगणक हें असें एक निमित्त आहे. तो मैदानाची जागा घेणार नाहीं. धांवण्यानें पायांना आणि छातीला जें मिळतें तें ठोकळ्यांच्या किल्ल्यानें मिळत नाहीं, आणि घरांत तो आणला म्हणून मुलांचें खालीं खेळावयास जाणें बंद करणें हा उलटाच न्याय होईल. ज्यांच्याकडे एकच मोबाइल आहे आणि तोहि वडिलांबरोबर कामावर जातो, अशा घरांतील मुलासाठीं यजमानानें एखादें जादा यंत्र ठेवलेलें बरें. जुना टॅब दुरुस्त करून ठेवला तरी चालतो. नाहीं तर चाळींत पूर्वीं नसलेली एक पंगत या खेळानें निर्माण व्हावयाची.

आरंभ लहानच असावा. एक संगणक, दोन शेजारचीं मुलें, एक रविवार. पासवर्ड मुलांनीं स्वतः ठरवावे, जगाला नांव त्यांनींच द्यावें, आणि नियम एका कागदावर त्यांच्याच हस्ताक्षरांत लिहून राउटरच्या वर चिकटवावे. आठ वाजतां यजमान मिटेल. पडदे काळे होतील, आणि तीन मुलें नदीवरचा पूल कोणी बांधावयाचा यावर तावातावानें बोलत दाराशीं चपला शोधूं लागतील. तो वाद जिन्यापर्यंत ऐकूं येईल. घरांतल्या माणसांस त्यांतलें प्रत्येक नांव ओळखीचें असेल.